बिरसीची धावपट्टी जवळ, बँकेचा उंबरठा उंच

यंदा रमजान आणि बारावीची परीक्षा एकत्रच आली. सहरीला उठलेल्या घरात एका खोलीत स्वयंपाकघराचा दिवा लागतो, दुसऱ्या खोलीत भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले असते. गोंदिया शहरात, कामठ्याच्या रस्त्यावर आणि आमगाव-तिरोड्याकडच्या गावांत अशी घरे बरीच आहेत. दिवस उजाडला की बिरसीच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणाची छोटी विमाने उडतात आणि त्यांची घरघर या घरांच्या कौलांवरून जाते. गेली अनेक वर्षे जिल्ह्यातील मुले तो आवाज ऐकत मोठी झाली आहेत. मग परीक्षा संपल्यावर एखादा मुलगा किंवा मुलगी घरात सांगते, ‘मला पायलट व्हायचंय.’ वडील पहिला प्रश्न विचारतात, ‘किती लागतील?’ उत्तर ऐकून घरात शांतता पसरते.

ही शांतता केवळ मुस्लिम घरांत पसरते असे नाही. धान पिकवणाऱ्या पोवार-कुणबी घरात, सालेकसा-देवरीकडच्या गोंड घरात, शहरातल्या किराणा दुकानदाराच्या घरात, राइस मिलमध्ये मुनीम असलेल्याच्या घरातही तीच असते. विमान सर्वांच्या डोक्यावरून जाते आणि त्याचे तिकीट परवडणारेही आता थोडेफार आहेत. पण त्याच्या पुढच्या खोलीत बसण्याची किंमत जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यभराच्या कमाईएवढी आहे.

युद्धातली धावपट्टी, शांततेतली शाळा

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 च्या सुमारास इंग्रजांनी बांधली. स्वातंत्र्यानंतर ती कित्येक दशके जवळजवळ पडून होती. प्रफुल्ल पटेल 2004 ते 2011 या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री होते. त्याच काळात तिचे रूप पालटले. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीनेही, उत्तरेत हिवाळ्यात धुके दाटते म्हणून, आपली विमाने येथे आणून सराव केला. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने गोंदियाला हैदराबादशी जोडले.

म्हणजे देशभरातील मुले वैमानिक होण्यासाठी गोंदियात येतात. विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या बिरसीकरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि त्या गावातील मुलाला धावपट्टी कुंपणाबाहेरूनच पाहावी लागते. प्रवेशाच्या परीक्षेत बुद्धी लागते आणि जिल्ह्यात बुद्धीची कमतरता नाही. अडते ते पैशाच्या पायरीवर.

वैमानिक हवेत, पण कोणते?

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे आणि रात्रीच्या ड्युटीचे नवे नियम लागू झाले होते, आणि त्या मानाने वैमानिकांचे नियोजन कमी पडले होते. लोक विमानतळांवर अडकून पडले. टीव्हीवर दिवसभर एकच वाक्य ऐकू आले की देशात वैमानिक कमी आहेत. त्याच आठवड्यात अनेक घरांत मुलांनी वडिलांना तो मोबाइल दाखवला असेल.

हे वाक्य खरे आहे, पण अर्धे. विमान कंपन्यांना तातडीने हवे असतात ते कॅप्टन, म्हणजे हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक. 200 तासांचे उड्डाण करून नुकताच परवाना घेतलेला तरुण त्या जागेवर बसू शकत नाही. तो सहवैमानिकाच्या भरतीची वाट पाहतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, 2023 या एका वर्षात 1,622 व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. तो तोपर्यंतचा उच्चांक होता. परवाना मिळालेल्या प्रत्येकाला त्याच वर्षी नोकरी मिळते असे नाही. काहींना काही महिने थांबावे लागते, काहींना काही वर्षे. ज्याच्या बापाची गिरणी आहे तो थांबू शकतो. ज्याने कर्ज काढले आहे त्याच्या कर्जावर थांबण्याच्या काळातही व्याज चढत राहते.

शिवाय विमान कंपन्यांचे आयुष्यही बेभरवशाचे. किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवशिक्यांची रांग आणखी लांबली. दहा-पंधरा वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे, की कंपनी बंद पडू शकते, कर्जाचा हप्ता बंद पडत नाही.

साडेसात लाख आणि पन्नास लाख

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वयाची 18 वर्षे, डीजीसीएची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई मार्गशोधन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओ संभाषणाचा परवाना आणि 200 तासांचे उड्डाण, हा व्यावसायिक परवान्याचा रस्ता. आजच्या घडीला भारतात त्यासाठी साधारण 45 ते 60 लाख रुपये लागतात. त्यानंतर कंपनी वापरते त्या विशिष्ट विमानाचे, म्हणजे एअरबस किंवा एटीआरचे, वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते बहुतेकदा उमेदवाराच्याच खिशातून होते आणि त्याला आणखी पंधरा-वीस लाख लागू शकतात. विमान कंपन्यांशी जोडलेल्या कॅडेट योजनांत नोकरीची शक्यता अधिक, पण तेथे आकडा कोटीच्या घरात जातो.

आता बँकेकडे पाहू. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएमान्य वैमानिक प्रशिक्षण बसते. त्यामुळे ‘हा कोर्स आमच्या यादीत नाही’ असे शाखेत कोणी सांगितले तर ते मुकाट्याने ऐकून परत येऊ नये. अडचण पुढे आहे. या योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. 4 ते 7.5 लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी चालते. 7.5 लाखांच्या वर मात्र मालमत्ता तारण ठेवावी लागते. केंद्राची कर्जहमी योजनाही याच 7.5 लाखांपर्यंत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जाची सोय आहे, पण ती एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या उच्च शिक्षण संस्थांपुरती. विमान उडवायला शिकवणाऱ्या शाळा त्या क्रमवारीत येतच नाहीत.

नर्सिंग, फार्मसी, बी.एड. शिकणाऱ्या गरीब मुलाला साडेसात लाखांची ही छत्री पुरते. पन्नास लाखांच्या कोर्सला मात्र ती डोक्यावर धरलेल्या रुमालाएवढी ठरते. उरलेले चाळीस-बेचाळीस लाख उभे करायचे तर घर किंवा जमीन बँकेच्या टेबलावर ठेवावी लागते. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी रस्ता तेथेच संपतो.

सातबारा आहे, तारण नाही

गोंदिया जिल्ह्यात ही अडचण आणखी घट्ट होते. येथील कुटुंबाची संपत्ती असते धानाच्या बांध्यांत आणि गावठाणातल्या घरात. शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज द्यायला बँका नाखूश असतात, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांच्या हाती असलेला 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. गावठाणातल्या घराचा अनेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असतो. बँकेला त्यावर मालकी सिद्ध झालेली दिसत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रक मिळते. ज्यांनी ते घेतले नाही त्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून तरी ते काढून ठेवावे. शहरातल्या जुन्या वाड्यांत दुसरी अडचण असते. आजोबांच्या नावावरचे घर, वारस सात-आठ, फेरफार झालेला नाही. मुस्लिम मोहल्ल्यांत हे सर्रास दिसते. इस्लामी वारसाहक्कात प्रत्येकाचा, मुलींचाही, हिस्सा ठरलेला आहे. तो कागदावर उतरवला नाही तर घर सर्वांचे असूनही तारणाला कोणाचेच नसते.

दुसरी भिंत सिबिलची. 300 ते 900 या पट्टीवर बँका साधारण 750 च्या वरचा आकडा चांगला मानतात. कधी ट्रॅक्टरचे हप्ते थकले, कधी मोबाइल हप्त्यावर घेऊन दोन महिने चुकले, कधी ओळखीच्या माणसाला जामीन राहिले आणि त्याने पैसे बुडवले, अशा कारणांनी वडिलांचा आकडा खाली गेलेला असतो. शिक्षण मुलाचे असले तरी सहकर्जदार वडील असतात, म्हणून बँक त्यांचाच हिशेब पाहते.

येथे दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. शैक्षणिक कर्जाचा अर्ज केवळ विद्यार्थ्याचा सिबिल आकडा कमी आहे म्हणून नाकारता येणार नाही, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घेतली. आणि प्रत्येकाला आपला पतअहवाल वर्षातून एकदा फुकट पाहता येतो. त्यात फेडलेले कर्ज चुकून थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करून ते दुरुस्त करून घेता येते. खरोखरच थकलेले असेल तर ते फेडल्यानंतर आकडा सावरायला वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते. मूल अकरावीत असतानाच हे काम सुरू केले तर बारावीनंतर धावपळ होत नाही. सिबिल दोन-चार दिवसांत वाढवून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. असा उपाय अस्तित्वात नाही.

हप्त्याचे गणित

घर तारण ठेवून 40 लाखांचे कर्ज मिळाले असे समजू. व्याज 11 टक्के, मुदत 10 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 55 हजार रुपये येतो. पण फेड सुरू होते कोर्स संपल्यावर वर्षभराने. तोपर्यंतचे अडीच वर्षांचे सरळव्याज पूर्ण रकमेवर धरले तर 11 लाख होतात. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली तर हा आकडा कमी होईल. तो भरला नाही तर मुद्दल 51 लाख होते आणि हप्ता 70 हजारांच्या पुढे जातो. दहा वर्षांत एकूण फेड 84 लाखांवर पोहोचते.

नोकरी लागली तर सहवैमानिकाच्या पगारातून हे फिटते. लागली नाही तर महिन्याला 70 हजार कोण भरणार? येथे स्वप्न पाहणाऱ्या मुलाचे भविष्य जसे पणाला लागते, तसेच धाकट्या बहिणीचे शिक्षण, आईचे दागिने आणि डोक्यावरचे छप्परही पणाला लागते. म्हणून ‘मुलाच्या जिद्दीपुढे पैसा काय’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांचे बोलणे ऐकून घ्यावे, पण सही करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा.

त्यात आणखी एक बाब असते, जी बोलायला कोणाला आवडत नाही. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी, दोघांचाही मृत्यू झाला. असे अपघात वारंवार होत नाहीत, पण होतात. वैमानिकाची वैद्यकीय पात्रता आजारपणामुळे अर्ध्या वाटेवर जाऊ शकते. कर्जाला विम्याचे संरक्षण नसेल तर मुलगा गमावलेल्या किंवा घरी बसलेल्या मुलाच्या आईवडिलांकडे बँकेची नोटीस येते. म्हणून कर्ज मोठे असेल तेव्हा जीवनविमा आणि वैद्यकीय पात्रता गमावल्यास मिळणारा विमा यांची चौकशी आधी करावी.

कर्ज आणि श्रद्धा

रमजानच्या पानावर हा विषय का, असा प्रश्न पडू शकतो. कुरआनमधील सर्वांत लांब आयत कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. दुसऱ्या सुरेतील या 282 व्या आयतीचा भर देणे-घेणे लिहून ठेवण्यावर आणि साक्षीदार घेण्यावर आहे. तिच्या थोडे आधी, अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची शिकवण आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडले जाते, मग वारसांचे हिस्से पडतात. कर्ज घेणे पाप नाही, पण ते हलक्यात घेण्याची गोष्टही नाही, असा याचा रोख आहे.

व्याजाचा प्रश्न मात्र धार्मिक वृत्तीच्या मुस्लिम कुटुंबाला खरोखर अडवतो. व्याज देणेही वर्ज्य, असे मानणारे वडील बँकेच्या दारातूनच परततात. काही उलेमा गरजेच्या स्थितीत सवलत मानतात, काही मानत नाहीत. हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून घ्यायचा आहे. पण बँक नको म्हणायचे आणि पर्यायही उभा करायचा नाही, यात नुकसान मुलांचेच होते.

पर्याय म्हणून लगेच जकातीचे नाव निघते. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणसाचाही समावेश आहे आणि गरजू विद्यार्थ्याला जकात देता येते, असे बहुतेक उलेमा मानतात. पण येथेही हिशेब करावा. जकात अडीच टक्के. 50 लाख जकात गोळा व्हायची तर 20 कोटींची जकातपात्र संपत्ती लागते. गोंदियासारख्या गावात ती एका मुलासाठी कोठून येणार? आणि आली तरी एका वैमानिकावर 50 लाख खर्च करायचे, की त्याच रकमेत प्रत्येकी 50 हजार देऊन 100 मुलामुलींची नर्सिंग, आयटीआय, फार्मसीची फी भरायची? विधवेचे रेशन आणि आजाऱ्याचे औषध तर त्याच्याही आधी येते. जकातीवर पहिला हक्क त्यांचा आहे.

तरीही जकातीला येथे एक नेमकी जागा आहे. वैद्यकीय तपासणी, परीक्षा फी, पुस्तके, नागपूरपर्यंतचा प्रवास, हा पहिल्या टप्प्याचा खर्च काही हजारांत भागतो. हुशार पण गरीब मुलगा तेथेच थांबतो, कारण तेवढेही हातात नसतात. तेथे जकात कामी यावी. पुढच्या टप्प्यासाठी कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने. 20 घरांनी 50-50 हजार ठेवले तर 10 लाख होतात. ते दान नसून परत यायचे पैसे आहेत. कागद करून, साक्षीदार ठेवून, फेडीच्या तारखा लिहून ते द्यावेत. पहिल्याने फेडले की दुसऱ्याला द्यावेत. मोहल्ल्याच्या बैतुलमालने हे रमजानमध्ये सुरू केले तर दोन-तीन वर्षांत एक फिरता निधी उभा राहतो. अशा निधीला धर्माची अट घालण्याचेही कारण नाही. जकातीचे नियम वेगळे, पण उसन्या पैशाला शेजारी हिंदू आहे की मुसलमान हे विचारावे लागत नाही.

सरकारी खिडक्या

अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा कोर्स पहिल्या गटात आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीत खासगी उड्डाण संस्थांसाठी वर्षाला 3.72 लाखांची मर्यादा वर्षानुवर्षे होती. आजच्या फीपुढे ती अपुरी आहे. अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे. ते महाराष्ट्रात मौलाना आझाद महामंडळामार्फत मिळते, आणि कमी उत्पन्नाच्या गटाला व्याज केवळ 3 टक्के आहे. पण त्याची रचना वर्षाला 4 लाख अशी आहे. पाच वर्षांच्या कोर्सला 20 लाख मिळू शकतात, दोन वर्षांच्या उड्डाण प्रशिक्षणाला 8 लाख. ज्या कोर्सचा सगळा खर्च दोन वर्षांत येतो त्याला वर्षाची मर्यादा लावणे म्हणजे दार उघडून चौकट छोटी ठेवणे.

चांगले उदाहरण आपल्या शेजारी, नागपुरात आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 2019 मध्ये स्थापन झालेल्या महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत 20 विद्यार्थ्यांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. जागा थोड्या, पण तत्त्व महत्त्वाचे. सरकारने मान्य केले की गुणवत्ता असलेल्या मुलाने वैमानिक होण्यासाठी घर विकायला नको. महाराष्ट्रात मोमीन-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. त्यांनाही महाज्योतीच्या योजनांसाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर लागते, आणि आपल्याकडे ते काढण्याची आठवण जाहिरात निघाल्यावर येते. तोवर मुदत संपते.

अल्पसंख्याकांसाठी बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर ‘मार्टी’ संस्था स्थापन करण्यास राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. तिने वर्षाला दहा जागांची वैमानिक योजना आणली आणि बिरसीच्या संस्थेत जिल्ह्यातील मुलांसाठी काही जागा राखल्या गेल्या, तर धावपट्टी आणि गाव यांच्यातले कुंपण थोडे ठेंगणे होईल. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे एकट्या मुस्लिमांनी न करता बिरसीच्या विस्थापितांनी, आदिवासी विद्यार्थी संघटनांनी आणि सर्वांनी मिळून करावी. तिचे वजन तेव्हाच पडेल.

गोंदियाचे विमान ज्या हैदराबादला जाते, तेथे हे घडलेले आहे. सय्यदा सल्वा फातिमा या बेकरीत काम करणाऱ्या वडिलांची मुलगी. ‘सियासत’ या उर्दू दैनिकाचे संपादक जाहिद अली खान यांनी तिच्या प्रशिक्षणासाठी पुढाकार घेतला. 2013 मध्ये तिला व्यावसायिक परवाना मिळाला. पण नोकरीसाठी लागणाऱ्या पुढच्या प्रशिक्षणाचे पैसे नव्हते. शेवटी तेलंगणा सरकारने सुमारे 36 लाख रुपये मंजूर केले आणि ती प्रवासी विमानात वैमानिक झाली. या कहाणीत जिद्द आहेच. पण समाजाने पहिला टप्पा उचलला आणि सरकारने शेवटचा, तेव्हा ती पूर्ण झाली. मधली वर्षे कशी गेली असतील याचा विचार न करता ही कहाणी मुलांना केवळ प्रेरणा म्हणून सांगू नये.

आधी स्वस्त पायरी

हे सगळे ऐकूनही मूल ठाम असेल तर त्याला नाही म्हणू नये. फक्त खर्चाचा क्रम बदलावा. पहिली पायरी वैद्यकीय तपासणीची. द्वितीय आणि मग प्रथम श्रेणीची तपासणी पास झाल्याखेरीज कोणत्याही शाळेला एक रुपयाही देऊ नये. डोळे, कान, हृदय यांतला एखादा दोष स्वप्न थांबवू शकतो, आणि तो पन्नास लाख भरल्यावर कळणे परवडत नाही.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. त्या घरी अभ्यास करून किंवा थोड्या खर्चाच्या वर्गाला जाऊन देता येतात. वर्षभरात त्या पास झाल्या तर मुलाची तयारी बँकेलाही दिसते आणि मोहल्ल्यालाही. नाही झाल्या, तर कुटुंबाचे काही हजार गेले, घर वाचले.

उड्डाण शाळा त्यानंतर निवडावी. डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून उड्डाण शाळांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही, यावरून सावध व्हावे. शाळेकडे चालू स्थितीतील विमाने किती, प्रशिक्षक किती, गेल्या वर्षीच्या मुलांचे 200 तास किती महिन्यांत झाले, हे तिथल्या मुलांनाच विचारावे. फी एकरकमी भरू नये. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते द्यावेत, आणि शाळा बंद पडली तर उरलेली रक्कम परत मिळेल असे करारात लिहून घ्यावे. तेच 282 व्या आयतीचेही सांगणे आहे. लिहून ठेवा.

आणि दुसरे रस्तेही पाहावेत. खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात गेले तर प्रशिक्षणाचा खर्च देश करतो. 2022 पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळतो. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीची, सानिया मिर्झाची, हवाई दलाच्या शाखेसाठी तेथे निवड झाली तेव्हा तिच्या घरून लाखोंची फी गेली नाही. विमान देखभाल अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, ड्रोन चालक ही कामेही विमानाचीच आहेत आणि त्यांचा खर्च कितीतरी कमी आहे. अमरावतीत एअर इंडियाची मोठी उड्डाण शाळा उभी राहत आहे. तेथे आणि बिरसीत वैमानिकांखेरीज अशीही माणसे लागतील.

या महिन्यात इफ्तारच्या दस्तरखानावर नातेवाईक आणि शेजारी रोज एकत्र बसतात. खजूर फोडल्यानंतर बोलणे मुलांच्या परीक्षेकडे वळतेच. त्यात कोणा मुलीने पायलट व्हायचे आहे असे सांगितले, तर तिच्या वडिलांना लगेच ‘घर गहाण टाक’ किंवा ‘हे आपलं काम नाही’ यांपैकी काहीच सांगू नये. वैद्यकीय तपासणीचे पैसे कोण देणार, एवढे त्या दस्तरखानावर ठरले तरी पुरे. उरलेला हिशेब ईदनंतर, कागद-पेन घेऊन करता येईल.